एसयूव्हीचं वेड ओसरलं का? गाडीवेड्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दारात बारा वर्षांची हॅचबॅक उभी असते आणि बोलताना मी जुन्या मारुती जिप्सीच्या आठवणी काढतो. त्यामुळे नवी गाडी घ्यायला निघालेला प्रत्येक नातेवाईक आधी माझ्याकडे येतो, सगळं ऐकून घेतो आणि शेवटी शोरूमवाला सांगेल तीच गाडी घेतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

एसयूव्हीची लोकप्रियता घटते आहे, हे खरं आहे का?

खपाच्या आकड्यांत म्हणाल, तर अजिबात नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास २८ लाख ‘युटिलिटी’ या रकान्यातल्या होत्या. म्हणजे शंभरातल्या पासष्ट. (या रकान्यात एर्टिगा आणि इनोव्हा यांसारख्या मोठ्या कुटुंबाच्या गाड्याही मोजतात. बातमीत ते कुणी सांगत नाही.) २०२४ या कॅलेंडर वर्षात तर टाटा पंच ही देशात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली आणि पहिल्या नंबरावर मारुतीचीच गाडी, हा जवळपास चाळीस वर्षांचा शिरस्ता मोडला. जगाचं चित्रही फार वेगळं नाही. २०२३ साली जगभर विकलेल्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास एसयूव्ही होत्या.

घटलाय तो मान, आणि तोही फक्त गाडीवेड्यांच्या कट्ट्यावर. वीस वर्षांपूर्वी कुणी टाटा सफारी घेतली की आम्ही चार मित्र ती बघायला जायचो, बॉनेट उघडून घ्यायचो, खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बघायचो. आता कुणी म्हणालं, ‘एसयूव्ही घेतली,’ तर संवाद असा होतो (फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद):

‘फोर बाय फोर का?’

‘नाही रे, कशाला लागतंय?’

‘बरं, मागची चाकं तरी ओढतात का?’

‘नाही, पुढची.’

‘मग उंच हॅचबॅक म्हण की.’

यावर तो रागावतो, आणि त्याचंही बरोबर असतं. त्याने चौदा लाख मोजलेले असतात.

मग एसयूव्ही म्हणजे नक्की काय?

याची दोन उत्तरं आहेत. एक सरकारचं, एक आमचं.

सरकारचं उत्तर टेपने मोजायचं. २०१३च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के झालं, तेव्हा व्याख्या ठरली: लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर) १७० मिलिमीटर किंवा अधिक. जीएसटीत हीच व्याख्या आली आणि पुढे त्यावरून खूप कीस पाडला गेला. डिसेंबर २०२२मध्ये जीएसटी परिषदेने ‘एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी’ ही अटही स्पष्ट केली. कंपन्या म्हणू लागल्या, आमची गाडी त्या नावाने ओळखलीच जात नाही हो! जुलै २०२३मध्ये परिषदेने ती अट काढून टाकली आणि क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, असं ठरवलं. एरवी जाहिरातीत प्रत्येक डब्याला एसयूव्ही म्हणायचं आणि कराची वेळ आली की ‘छे, ती तर साधी मोटार’, असा सगळा कारभार.

दुसरीकडे २००६च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीचं शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं होतं. अट अशी की लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. भारतीय रस्त्यावर आज जे काही दिसतं, त्याचा निम्मा आकार या एका ओळीने ठरवला आहे. आपल्या चिंचवडच्या प्रीमियरने २००९च्या अखेरीस ‘रिओ’ काढली, ती चार मीटरच्या आत बसणारी देशातली पहिली एसयूव्ही. फार कुणी घेतली नाही. मग २०१३मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि रांगा लागल्या. पाठोपाठ ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट.

सगळ्यात मजेशीर गोष्ट महिंद्राच्या बोलेरोची. लॅडर फ्रेम (शिडीसारखी पोलादी चौकट), मागच्या चाकांना ताकद, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, गावच्या सरपंचापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे उभी असलेली. २०१६मध्ये तिची लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली आणि १४९३ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. झालं, कायद्याच्या लेखी बोलेरो ‘छोटी गाडी’! आणि चार मीटरच्या वर गेलेली, पुढच्या चाकांवर चालणारी, शहराबाहेर न गेलेली एखादी क्रेटा मात्र ‘मोठी’.

आणि तुमचं उत्तर?

आमच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात.

पहिली चासी. ट्रकसारखी शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि वरून बोल्टने बसवलेली बॉडी. आजच्या बहुतेक गाड्या मोनोकॉक असतात, म्हणजे बॉडी आणि चौकट एकच. मोनोकॉक हलकी, गुळगुळीत चालणारी आणि अपघातात ऊर्जा चांगली पचवणारी. पण एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर, अशा अवस्थेत दिवसभर पिळवटून घ्यायचं असेल, तर शिडीच बरी.

दुसरी लो रेशो. चारही चाकांना ताकद मिळणं वेगळं आणि लो रेशो वेगळी. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, आणखी एक गिअर-जोडी असते. ती लावली की गाडीचा वेग साधारण निम्मा होतो आणि चाकावरचा जोर जवळपास दुप्पट. उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी मुंगीच्या पावलाने उतरते. ज्याने ते एकदा अनुभवलंय, त्याला ‘सँड मोड, मड मोड, स्नो मोड’ असं लिहिलेली गोल कळ बघून हसू येतं. बऱ्याच गाड्यांत ती कळ फक्त पुढच्या चाकांची घसरण सांभाळते.

तिसरी गोष्ट चाकाची हालचाल. अखंड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच दांडा) असला की एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन सोडत नाही. हायवेवर हाच ॲक्सल तुमची कंबर मोडतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

या व्याख्येत बसणाऱ्या गाड्या बोटांवर मोजता येतात. जिप्सी १९८५मध्ये आली आणि २०१९मध्ये सामान्य ग्राहकांसाठी संपली. १९९४ची टाटा सुमो (नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या आद्याक्षरांवरून) तीही २०१९मध्ये गेली. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं, तिच्याबरोबर एंडेव्हरही गेली. आज महिंद्राची थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, गुरखा, जिम्नी आणि आणखी एखाद-दोन. यातल्याही बऱ्याच गाड्या फोर बाय फोर नसलेल्या प्रकारातच जास्त खपतात.

सफारीच्या नावावरून तुम्ही लोक एवढे का चिडता?

कारण ती आमच्या इथली होती. १९९८ची सफारी पिंपरीची. त्या काळात भारतीय कंपनीने कागदावरून आखून एवढी मोठी, एवढी रुबाबदार गाडी काढावी, याचं अप्रूप आज सांगून कळणार नाही. सुरुवातीचं इंजिन आळशी होतं, वळणावर ती जहाजासारखी कलायची, किरकोळ वस्तू गळून पडायच्या. तरीही तामिणीतून पावसात सफारी चालली की रस्ता तिचा असायचा.

२०२०च्या ऑटो एक्स्पोत टाटाने हॅरिअरची सात आसनी आवृत्ती ‘ग्रॅव्हिटास’ नावाने दाखवली. २०२१मध्ये तीच गाडी विक्रीला आली, फक्त नाव बदलून: सफारी. गाडी म्हणून ती पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे. लँड रोव्हरच्या पायावरून घेतलेली रचना, रांजणगावात बनणारं दोन लिटरचं इंजिन, हायवेवर भक्कम. पण मोनोकॉक, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. ग्रॅव्हिटास म्हणूनच विकली असती तर कुणी ब्र काढला नसता. आता नोव्हेंबर २०२५मध्ये सिएराही तशीच परत आली. १९९१ची सिएरा तीन दारांची, मागच्या काचेचा तो वळणदार घुमट असलेली. नव्या गाडीत घुमटाचा भास आहे, खालचा सांगाडा वेगळा.

या रागाला एक अपवाद. जून २०२५मध्ये आलेल्या हॅरिअर ईव्हीत मागे दुसरी मोटर बसवून चारही चाकांची ताकद परत आणली. विजेवरच्या गाडीने डिझेलवाल्यांची इच्छा पूर्ण करावी, हा विनोद आम्हाला पचायला जरा वेळ लागला.

एवढं प्रेम होतं तर जिम्नी आली तेव्हा तुम्ही का घेतली नाही?

हा प्रश्न दुखऱ्या जागी बोट ठेवतो, म्हणून जरा नीट उत्तर देतो.

जिप्सी बंद झाली तेव्हा आम्ही हळहळलो. ‘मारुतीने जिम्नी आणावी’ म्हणून वर्षानुवर्षं धोशा लावला. जून २०२३मध्ये ती आली, तीही पाच दारांची, कारण घरात आई-बाबा आहेत, मुलं आहेत. लॅडर फ्रेम, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, लो रेशो, २१० मिलिमीटर क्लिअरन्स, आणि लांबी ३९८५ मिलिमीटर. मागितलं तेवढं सगळं दिलं. किंमत तेव्हा १२ लाख ७४ हजारांपासून, एक्स-शोरूम.

आणि मग आम्ही कारणं शोधायला लागलो. चारच सीट आहेत. डिकीत दोन बॅगा बसत नाहीत. इंजिन १४६२ सीसीचं पेट्रोल, घाटात गाडी भरली की दम लागतो. ऑटोमॅटिक चारच गिअरची. याच पैशांत सनरूफ मिळतं, थंड हवेची सीट मिळते. त्यात इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठं असल्यामुळे चार मीटरच्या आत असूनही छोट्या गाडीचा कर लागू नव्हता. किंमत तिथेच चढली. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पण जिप्सीत यातलं काहीच नव्हतं, खिडकीची काच हाताने फिरवावी लागायची, आणि तरी आम्ही तिला देव्हाऱ्यात बसवलं होतं.

खप घसरला, सवलती सुरू झाल्या. आणि जानेवारी २०२५च्या अखेरीस हीच गुरुग्राममध्ये बनलेली पाच दारी गाडी ‘जिम्नी नोमाडे’ नावाने जपानमध्ये नोंदणीसाठी खुली झाली. महिन्याला १२०० गाड्या, एवढाच अंदाज होता. चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी दोनदा टेस्ट ड्राइव्ह घेतली. दुसऱ्यांदा बायको बरोबर होती. ती मागच्या सीटवर बसली, एका गतिरोधकावरून गेली आणि म्हणाली, ‘तुझ्या आठवणींचा हप्ता मी भरणार नाही.’ तिथे विषय संपला.

पण थार तर धो धो खपते. मग मान घटला कसा?

खपते, आणि नाशिकमध्ये बनते याचा अभिमानही आहे. २ ऑक्टोबर २०२०ला आलेली नवी थार, मग १५ ऑगस्ट २०२४ची पाच दारांची रॉक्स, दोन्हींनी सिद्ध केलं की लॅडर फ्रेमला अजून ग्राहक आहे. पण जानेवारी २०२३मध्ये ९ लाख ९९ हजारांत नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थार आली आणि रस्त्यावर दिसणाऱ्या थारचा चेहराच बदलला. मोठे टायर, काळ्या काचा, खणखणीत हॉर्न, आणि मागून लाइट मारणारा चालक. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, तरी दर हंगामात कुणाची ना कुणाची उंच गाडी वाळूत रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. कोकणातही तेच. रुतलेली गाडी फोर बाय फोर निघाली तर मालकाला लो रेशो कुठे असते हे माहीत नसतं, असं निदान मी तरी दोनदा पाहिलंय. टायरमधली हवा कमी करायची असते, हे सांगितल्यावर एकाने मला वेड्यातच काढलं.

गाडीचा काही दोष नाही त्यात. पण ‘एसयूव्हीवाला’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला तो अशा प्रसंगांमुळे.

उंच गाडी चालवायला खरोखर वाईट असते का?

‘वाईट’ म्हणणार नाही. पण गणित तिच्या विरोधात असतं.

गाडी वळताना तिचं वजन बाहेरच्या बाजूला कलतं. गुरुत्वमध्य जितका उंच आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितकी ती जास्त कलते. कलू नये म्हणून कंपनी स्प्रिंग कडक करते. मग कलणं कमी होतं, पण खड्ड्यावर गाडी डोकं हलवायला लागते. कशेडी किंवा आंबेनळी घाटात मागच्या सीटवरच्या मुलाला उलटी होते, त्यात गाडीच्या उंचीचा वाटा असतो. त्याच घाटात एखादी जुनी फोक्सवॅगन पोलो हॅचबॅक कागदावर रेघ ओढल्यासारखी जाते. २०२२मध्ये पोलो बंद झाली तेव्हा चाकणच्या त्या गाडीसाठी आम्ही जेवढे हळहळलो, तेवढे बऱ्याच मोठ्या गाड्यांसाठी हळहळलो नाही.

दुसरा विरोधक वारा. हवेचा रोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० वर गेलात की फक्त वाऱ्यासाठी जवळपास दुप्पट ताकद लागते. म्हणून शहरात उंच गाडी आणि हॅचबॅक यांच्या ॲव्हरेजमध्ये फार फरक जाणवत नाही, पण समृद्धीवर १२० ने नागपूर गाठलंत की पंपावर कळतो.

पण रस्ते बघा ना! खड्ड्यांत खाली बसलेली गाडी कशी चालवायची?

मान्य. मुंबई-गोवा महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय हे मोजायचं सोडून दिलेल्या पिढीचा मी आहे. कोकणात जाणाऱ्या माणसाला क्लिअरन्सवर व्याख्यान देणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं.

फक्त एकदा आकडे बघा. स्विफ्टचा क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, पंचचा १८७. फरक २४ मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट. त्या दीड बोटाने सोसायटीच्या दारातला बेकायदेशीर गतिरोधक घासायचा थांबतो, हे खरं. पण खड्ड्यात गाडी वाचवतो तो टायर. टायरची भिंत उंच असेल तर धक्का रबर पचवतं. वरच्या मॉडेलमध्ये १७-१८ इंची अलॉय येतात, त्यांच्यावर पातळ टायर चढवलेले असतात, आणि खड्ड्यात तेच फुगतात नाही तर फाटतात. खालच्या मॉडेलची चाकं महाराष्ट्राच्या रस्त्यांसाठी जास्त शहाणी. शोरूममध्ये हे कुणी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही गाडीवेडे फार वर्षं हसण्यावारी नेत आलो. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सेडानमध्ये (मागे वेगळी डिकी असलेली बुटकी मोटार) खाली ‘उतरावं’ लागतं आणि बाहेर पडताना वर ‘चढावं’ लागतं. उंच गाडीत ते सरळ बसतात. माझ्या वडिलांना संधिवात झाल्यावर मला हे कळलं. त्यासाठी एसयूव्हीच हवी असं नाही, वॅगन आरही चालते. पण वॅगन आर घेतली असं सांगताना लोकांचा आवाज खाली येतो आणि पंच सांगताना वर जातो, त्याला इलाज नाही.

मोठी गाडी सुरक्षित असते ना?

आतल्या माणसांसाठी वजनाचा थोडा फायदा असतो, समोरून छोटी गाडी आली तर. पण अपघात चाचणीत उंचीने तारे मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२४ची डिझायर सेडान आहे आणि तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. मारुतीला ते पहिल्यांदाच मिळाले. बाहेरच्या माणसाचं उलट आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३मध्ये अपघातांची छाननी केली. त्यात दिसलं की साधारण एक मीटरपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिली, तर पायी चालणारा दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. आपल्याकडे रस्त्यावर कोण चालतं, तुम्हाला माहीतच आहे.

एसयूव्हीचा खप खरोखर कोसळला, असं कधी कुठे झालंय का?

झालंय. अमेरिकेत, २००८मध्ये.

तिथे नव्वदच्या दशकापासून मोठ्या एसयूव्ही सोन्याच्या खाणी होत्या. कायद्यात त्या ‘हलक्या ट्रक’मध्ये मोजल्या जात आणि ट्रकसाठी इंधनाचे नियम सैल होते. पेट्रोल स्वस्त होतं तोवर सगळं छान चाललं. जुलै २००८मध्ये सरासरी भाव गॅलनला ४ डॉलर ११ सेंटवर पोहोचला. आपल्याला तो हास्यास्पद वाटेल, पण त्यांचे हातपाय गळाले. त्याच्या आधीच, मे महिन्यात होंडा सिव्हिक या छोट्या मोटारीने फोर्डच्या पिकअपला मासिक खपात मागे टाकलं होतं. ३ जूनला जनरल मोटर्सने ट्रक आणि एसयूव्ही बनवणारे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली आणि हमर या आपल्या अवाढव्य एसयूव्हींच्या ब्रँडचं काय करायचं याचा विचार सुरू असल्याचं सांगितलं. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या कारखान्यातून नाताळच्या दोन दिवस आधी शेवटची टाहो एसयूव्ही बाहेर पडली. हमर एका चिनी कंपनीला विकायचं ठरलं, तो सौदा फेब्रुवारी २०१०मध्ये फिसकटला आणि हमर बंदच झाली.

तेव्हा तिकडच्या गाडीवेड्यांनी ‘एसयूव्हीचं युग संपलं’ म्हणून पेढे वाटले असतील. पुढे तेल उतरलं आणि गर्दी परत आली. फक्त या वेळी गर्दी लॅडर फ्रेमवर न बसता मोटारीच्या पायावर उभ्या केलेल्या क्रॉसओव्हरमध्ये बसली. २०१८मध्ये तर फोर्डने अमेरिकेत मस्टँग सोडून सगळ्या सेडान आणि हॅचबॅक बंद करायचं जाहीर केलं. पुढे हमरही परतली, विजेवर चालणारी, चार टनांच्या वर वजन घेऊन.

युरोपात तर त्यांच्याविरुद्ध मतदान झालं म्हणे?

पॅरिसमध्ये, ४ फेब्रुवारी २०२४ला. जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करावं का, असा प्रश्न होता. साडेचोपन्न टक्के लोक ‘हो’ म्हणाले, पण मतदानाला आले होते सहा टक्क्यांहूनही कमी. ऑक्टोबरपासून शहराच्या मध्यभागी बाहेरून आलेल्या जड गाडीला तासाला १८ युरो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हा नियम लावून बघा, आणि मग मतदानाची टक्केवारी बघा.

सप्टेंबर २०२५च्या जीएसटी कपातीने छोट्या गाड्या परत येतील का?

थोड्या येतील. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि पेट्रोल-डिझेलच्या बाकी सगळ्यांवर सरसकट ४० टक्के, उपकर रद्द. ऑल्टो के१० एक लाख सात हजारांपर्यंत स्वस्त झाली, एस-प्रेसो एक लाख तीस हजारांपर्यंत. (एस-प्रेसोलाही कंपनी ‘मिनी एसयूव्ही’ म्हणते. आता काय बोलणार?)

पण नीट बघा, मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी उपकर धरून ५० टक्के लागत होते, त्यांचेही १० टक्के वाचले. आणि छोट्यांच्या १८ टक्क्यांत पंच, नेक्सॉन, व्हेन्यू, बोलेरो आणि दीड लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारसुद्धा बसते. जिम्नी मात्र अजूनही ४० मध्येच. म्हणजे सरकारने हॅचबॅकला मदत केली की उंच हॅचबॅकला, याचा निकाल ज्याने त्याने लावावा. दुचाकीवरून पहिल्या मोटारीकडे येणारं कुटुंब परत शोरूममध्ये शिरलं, तर मला आनंदच आहे.

महाराष्ट्रात यावर रस्ता कर वेगळा, हे विसरू नका: पेट्रोलला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५.

मग गाडीवेडे सध्या घेतात तरी काय?

ज्यांच्याकडे पैसे आहेत, ते झुंबड उडवतात. मे २०२५मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली, सुमारे ५३ लाखांची आयात हॅचबॅक. पहिली तुकडी हातोहात संपली. ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसच्या शंभर गाड्या आणल्या, त्याही संपल्या. पन्नास लाखांत फॉर्च्युनर मिळत असताना माणूस जमिनीला टेकलेली गाडी घेतो, यात कट्ट्यावरच्या हवेचा अंदाज येतो.

बाकीचे आम्ही व्हर्टस, स्लाव्हिया, सिटी या सेडानच्या सवलतींवर डोळा ठेवून असतो, नाहीतर जुन्या बाजारात फिरतो.

जुनी सफारी किंवा जिप्सी सेकंड हँड घ्यावी का?

घरात दुसरी चालती गाडी असेल तरच. एकुलती एक म्हणून घेतलीत तर सोमवारी सकाळी रिक्षा शोधत फिराल.

आधी कागद. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला ५,००० रुपये, वीस वर्षांच्या पुढे १०,०००. डिझेल गाडी दिल्लीतून स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारू नका. तिकडे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेलवर २०१५पासून बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून ती स्वस्त आहे. इकडे आणायची तर ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर हे सगळं धरून हिशोब करा.

मग चासी. गाडी रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याची असेल तर रॅम्पवर चढवल्याशिवाय बोलणीच करू नका. खाऱ्या हवेत बॉडी वरून छान दिसते आणि खालून चासीचा पापड झालेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने चासीच्या आतल्या बाजूला, मागच्या स्प्रिंगच्या बैठकीजवळ टोचून बघा. टोक आत गेलं तर चहा पिऊन घरी या. ताजा काळा रंग मारलेला असेल तर जास्तच जोरात टोचा.

शेवटी फोर बाय फोर. मालक म्हणेल, ‘चालतं की, कधी लागलं नाही.’ बरीच वर्षं न लावलेली लो रेशो अनेकदा अडकून बसलेली असते. कच्च्या रस्त्यावर न्या, कोरड्या डांबरावर नको. गाडी थांबवा, न्यूट्रलला घ्या, दांडी लो मध्ये टाका आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडा. इंजिन ओरडून गाडी मुंगीसारखी सरकली तर ठीक. कट-कट आवाज आला तर किमतीतून चाळीस हजार कमी करायला सांगा. मालकाने लगेच हो म्हटलं तर आणखी कमी करा.